कोरडा बर्फ

तुम्ही एखाद्या लग्नाच्या दावतीला गेला असाल. नवरा-नवरी मंचाकडे येऊ लागतात आणि त्यांच्या पायांभोवती पांढराशुभ्र धूर पसरतो. तो आकाशाकडे जात नाही. जमिनीवरूनच सरपटत पुढे जातो. लहान मुले त्या धुरात पाय बुडवून नाचतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा नाटकातही तुम्ही असा धूर पाहिला असेल. या धुराने डोळे चुरचुरत नाहीत आणि खोकलाही येत नाही. मग हा धूर येतो तरी कोठून?

पुष्कळदा तो मंचामागे ठेवलेल्या एका थर्मोकोलच्या पेटीतून आलेला असतो. पेटीत पांढऱ्या रंगाचे दगडासारखे तुकडे असतात. कोणीतरी ते गरम पाण्यात टाकतो आणि धुराचे लोट उठतात. या तुकड्यांना कोरडा बर्फ म्हणतात. इंग्रजीत त्याला ड्राय आइस असे नाव आहे.

कार्यक्रम संपतो. पेटीत तीन-चार तुकडे उरतात. 'वाया कशाला घालवायचे? घरी आइस्क्रीम थंड ठेवायला उपयोगी पडतील,' असे म्हणून कोणी ती पेटी घरी आणतो. रात्री घरात पाहुण्यांची गर्दी असते. पेटी आतल्या खोलीत कोपऱ्यात ठेवली जाते. त्याच खोलीत जमिनीवर अंथरुणे घालून मुले झोपतात. थंडी आहे म्हणून खिडकी लावून घेतात.

यात चूक कोणती झाली, हे तुम्हांला सांगता येईल काय? हा पाठ वाचून झाल्यावर नक्की सांगता येईल.

बर्फ, पण पाण्याचा नव्हे

'बर्फ' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. कोरड्या बर्फाला मराठीत शुष्क बर्फ असेही म्हणतात. 'शुष्क' म्हणजे कोरडा. उर्दूतील 'खुश्क' आणि मराठीतील 'शुष्क' हे शब्द मुळात एकाच घराण्यातले आहेत. म्हणजे हे नाव तुम्हांला परके वाटण्याचे कारण नाही.

नाव बर्फाचे असले तरी या पदार्थात पाण्याचा थेंबही नसतो. आपण श्वास बाहेर सोडतो तेव्हा त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. सोड्याच्या बाटलीतले बुडबुडे याच वायूचे असतात. हा वायू खूप थंड केला की गोठून घट्ट होतो. तोच कोरडा बर्फ.

साधा बर्फ शून्य अंश सेल्सिअसला वितळतो. कोरड्या बर्फाचे तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस असते. तुमच्या घरच्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा सुमारे उणे १८ अंशांपर्यंतच थंड होतो. यावरून कोरडा बर्फ किती थंड आहे, याची कल्पना करा.

त्याची आणखी एक गंमत आहे. साधा बर्फ ताटलीत ठेवला तर त्याचे पाणी होते. कोरडा बर्फ ठेवला तर ताटली कोरडीच राहते. तो वितळत नाही. त्याचा सरळ वायू होतो आणि तो हवेत निघून जातो. घन पदार्थाचे द्रव न होता एकदम वायूत रूपांतर होते, या क्रियेला संप्लवन म्हणतात. कपाटात ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या दिवसेंदिवस लहान होत जातात आणि एक दिवस नाहीशा होतात. उघडा ठेवलेला कापूरही असाच उडून जातो. तेही संप्लवनच असते.

कोरडा बर्फ प्रथम पाहिला तो तिलोरिए नावाच्या फ्रेंच संशोधकाने. साल होते १८३५. त्याने द्रवरूप कार्बन डायऑक्साइड एका मजबूत भांड्यात दाबून भरला होता. भांडे उघडताच पुष्कळसा द्रव वायू होऊन भर्रकन उडून गेला. वायू होताना त्याने आपल्याबरोबर उष्णताही नेली. त्यामुळे उरलेला भाग गोठला आणि पांढरा भुगा शिल्लक राहिला. आजही कारखान्यात कोरडा बर्फ याच तत्त्वावर करतात. मग तो भुगा दाबून त्याच्या विटा किंवा लहान कांड्या पाडतात.

त्याचे उपयोग पुष्कळ आहेत. मासे, मांस, आइस्क्रीम, औषधे दूरवर पाठवताना तो पेटीत घालतात. २०२० साली कोरोनाच्या साथीत एक लस सुमारे उणे ७० अंश तापमानात ठेवावी लागत असे. कोरड्या बर्फात घालूनच ती अनेक देशांत पोहोचवली गेली. असा हा कामाचा पदार्थ आहे. पण त्याचे तीन धोके आहेत. ते नीट समजून घेतले तर त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

पहिला धोका : न दिसणारा वायू

प्रथम एक गैरसमज दूर करू या. तो पांढरा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड नव्हे. हवेत पाण्याची वाफ असते. थंडीमुळे तिचे बारीक थेंब होतात आणि ते धुक्यासारखे दिसतात. कार्बन डायऑक्साइड मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही. म्हणून धुके विरले तरी वायू गेला असे समजू नये.

हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. त्यातून तो थंड असला की आणखी जड होतो. पाणी जसे उताराकडे जाते, तसा तो खाली उतरतो. खोलीत तो जमिनीलगत साचतो. तळघरात, खड्ड्यात, पाण्याच्या रिकाम्या टाकीत साचून राहतो.

आता थोडे गणित करू. एक किलो कोरड्या बर्फापासून सुमारे ५४० लिटर वायू तयार होतो. समजा, खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. म्हणजे खोलीत २७ घनमीटर हवा आहे. पेटीत दोन किलो कोरडा बर्फ होता आणि त्याचा सगळा वायू झाला. तो वायू भरला १,०८० लिटर, म्हणजे १.०८ घनमीटर. दारे-खिडक्या बंद आहेत आणि हवा बदलत नाही, असे धरले तर खोलीतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ४ टक्के होते.

चार टक्के हे तुम्हांला थोडे वाटेल. पण मोकळ्या हवेत हे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते. म्हणजे ते शंभर पटींनी वाढले. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्यांसाठी ०.५ टक्क्याची मर्यादा घातलेली असते. तीन टक्क्यांच्या आसपास श्वास जोरात चालू लागतो आणि डोके दुखते. चार टक्के हे प्रमाण जिवाला धोक्याचे मानतात. दहा टक्क्यांच्या वर गेले तर काही मिनिटांतच शुद्ध हरपते. शिवाय हा वायू खाली साचतो. पलंगावर झोपलेल्या माणसापेक्षा जमिनीवर झोपलेल्या मुलाला त्याचा त्रास आधी होतो.

मोटार तर खोलीपेक्षा फारच लहान असते. तिच्यात सुमारे तीन घनमीटर हवा मावते. तिच्या बंद काचांआड केवळ २०० ग्रॅम कोरड्या बर्फाचा वायू झाला, तरी प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर जाते. २०१८ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका मोटारीत आइस्क्रीमसाठी कोरड्या बर्फाच्या पेट्या ठेवल्या होत्या. त्या मोटारीतून जाणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एक मरण पावली. २०२० साली मॉस्को शहरात एका मेजवानीत धुराची मौज पाहण्यासाठी बंद जागेतील पोहण्याच्या तलावात कोरडा बर्फ टाकला गेला. तेथे तिघांचा बळी गेला.

निसर्गातही असे घडले आहे. आफ्रिकेतील कॅमेरून देशात न्योस नावाचे सरोवर आहे. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री त्याच्या तळाशी साठलेला कार्बन डायऑक्साइड एकाएकी उसळून वर आला. तो डोंगरउतारावरून खाली वाहत गेला आणि दऱ्यांतील गावांवर पसरला. सुमारे १,७०० माणसे आणि हजारो जनावरे मरण पावली. तेथे कोरडा बर्फ नव्हता, पण वायू हाच होता आणि त्याचा स्वभावही हाच होता : जड, न दिसणारा आणि खालच्या जागी साचणारा.

म्हणून लक्षात ठेवा. कोरडा बर्फ झोपण्याच्या खोलीत कधीही ठेवू नये. बंद मोरीत, माळ्यावर किंवा तळघरातही ठेवू नये. तो गॅलरीत, अंगणात किंवा जेथे वारा सतत खेळतो अशा जागी ठेवावा. मात्र ती जागा लहान मुलांच्या आणि मांजर-कुत्र्यांच्या वाटेवर नसावी. मोटारीतून न्यायचा असेल तर पेटी मागच्या सामानाच्या जागेत ठेवावी, काचा उघड्या ठेवाव्या आणि घरी पोहोचताच पेटी बाहेर काढावी.

काही जण म्हणतात, 'मेणबत्ती जळते आहे ना? मग हवा चांगली आहे.' हे खरे नाही. माणसाला त्रास होऊ लागतो त्या हवेतही मेणबत्ती जळत राहते. म्हणून मेणबत्तीवर भरवसा ठेवू नका. खिडकीवर ठेवा.

दुसरा धोका : थंडीने भाजणे

तव्याने हात भाजतो हे सर्वांना ठाऊक आहे. थंडीनेही हात भाजतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोरडा बर्फ हातात धरला तर काही सेकंदांत कातडी गोठू लागते. ती पांढरी पडते, बधिर होते आणि मग फोड येतात. ओला हात असेल तर तुकडा कातडीला चिकटूनही बसतो.

म्हणून त्याला उघड्या हाताने शिवू नका. कातड्याचे जाड, कोरडे हातमोजे घालावे किंवा सांडशीने तुकडा उचलावा. ओले फडके घेऊ नये, कारण थंडी त्यातून लगेच हातापर्यंत पोहोचते. तुकडे फोडायचे असतील तर ते काम मोठ्या माणसांनी करावे. तुकडा जाड कापडात गुंडाळावा आणि डोळ्यांवर चष्मा लावावा, म्हणजे कपचा उडून डोळ्यांत जाणार नाहीत.

कोरडा बर्फ तोंडात घालणे तर फारच धोक्याचे. २०२४ च्या मार्च महिन्यात हरियाणातील गुरुग्राम येथे एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखवास म्हणून चुकून कोरडा बर्फ दिला गेला. तो तोंडात टाकताच पाच जणांची तोंडे भाजली, रक्ताच्या उलट्या झाल्या आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. मोठ्या माणसांचीसुद्धा अशी फसगत होते. मग लहान भाऊ-बहिणींना तो खडीसाखरेसारखा वाटला तर नवल काय? धूर निघणारे सरबत कोणी दिले, तर तळाशी तुकडा दिसतो का ते पाहा. तुकडा पूर्ण नाहीसा होईपर्यंत पेल्याला ओठ लावू नका.

तिसरा धोका : बंद भांडे

वायूला जागा लागते. कोरडा बर्फ वायू झाला की त्याला सुमारे आठशे पट जास्त जागा लागते. ती मिळाली नाही, तर तो भांडे फोडून बाहेर येतो.

एक लिटरच्या बाटलीत १०० ग्रॅम कोरडा बर्फ टाकून बूच घट्ट लावले, असे समजा. त्यापासून ५४ लिटर वायू तयार होऊ पाहतो. एका लिटरच्या जागेत तो मावणार कसा? बाटलीतला दाब वाढत जातो आणि ती बॉम्बसारखी फुटते. काही मुले गंमत म्हणून असे करतात. त्यात बोटे जाऊ शकतात, डोळे जाऊ शकतात. अशी गंमत कोणी करत असेल, तर तेथे उभेही राहू नका आणि मोठ्यांना सांगा. न फुटलेल्या बाटलीजवळ 'काय झाले' म्हणून पाहायला जाऊ नका.

म्हणून कोरडा बर्फ बाटली, थर्मास, फिरकीचा डबा किंवा कुकर यांत कधीही ठेवू नये. फ्रीजमध्येही ठेवू नये. तेथे वायू कोंडतो आणि अति थंडीमुळे फ्रीजचे तापमान राखणारा भाग बिघडू शकतो.

ठेवावा कसा?

थर्मोकोलची जाड पेटी सर्वांत चांगली. तुकडे वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवावे. रिकामी जागा चुरगळलेल्या कागदांनी भरावी. झाकण नुसते वर ठेवावे. त्याला चिकटपट्टी लावून पेटी बंद करू नये, कारण वायूला बाहेर पडायला वाट हवी. पेटीवर मोठ्या अक्षरांत 'कोरडा बर्फ - हात लावू नये' असे मराठीत आणि उर्दूतही लिहावे, म्हणजे घरातल्या सर्वांना वाचता येईल.

पेटीत खाण्याचे पदार्थ थंड ठेवायचे असतील तर बर्फ वरच्या बाजूला ठेवावा, कारण थंड हवा खाली उतरते. पदार्थ आणि बर्फ यांच्यामध्ये जाड पुठ्ठा घालावा.

कितीही जपले तरी कोरडा बर्फ साठवून राहत नाही. साध्या पेटीतून दिवसाला दोन ते चार किलो बर्फ उडून जातो. म्हणून तो ज्या दिवशी हवा त्याच दिवशी आणि लागेल तेवढाच आणावा. भुग्यापेक्षा मोठी वीट जास्त वेळ टिकते.

उरलेला बर्फ मोरीत किंवा संडासात टाकू नये. थंडीने फरशी आणि नळ तडकतात. कचराकुंडीतही टाकू नये. तेथे एखादे मूल किंवा कचरा वेचणारा माणूस त्याला हात लावील. पेटी मोकळ्या जागी, झाकण काढून, मोठ्यांच्या नजरेसमोर ठेवावी. एक-दोन दिवसांत बर्फ आपोआप नाहीसा होतो. पुसायलाही काही उरत नाही.

अपघात झाला तर

कातडी गोठली तर ती चोळू नये. शेकोटीजवळही धरू नये. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि ती दुसऱ्यांदा भाजते. तो भाग कोमट पाण्यात ठेवावा. तुकडा चिकटला असेल तर ओढून काढू नये, कोमट पाणी ओतून सोडवावा. फोड आले तर फोडू नयेत. लगेच डॉक्टरांकडे जावे.

खोलीत पेटी असताना डोके दुखू लागले, धाप लागली किंवा चक्कर आली तर 'थोडे पडून राहू' असे म्हणू नका. खाली झोपणे म्हणजे वायूत बुडणे. उठा, सर्वांना उठवा आणि बाहेर मोकळ्या हवेत या. जाताना दार सताड उघडे ठेवा. कोणी बेशुद्ध पडले असेल तर आधी मोठ्यांना हाक मारा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तळघरात किंवा टाकीत कोणी पडला असेल तर त्याच्यामागे एकट्याने उतरू नका. वाचवायला गेलेला माणूसही तेथेच पडतो, असे अनेकदा घडले आहे.

आता त्या लग्नघराकडे पुन्हा वळू या. आतली खोली, कोपऱ्यातली पेटी, लावलेली खिडकी आणि जमिनीवर झोपलेली मुले. तुम्ही तेथे असता तर काय केले असते? पेटी गॅलरीत ठेवायला सांगितली असती. खिडकी उघडली असती. अब्बांना किंवा चाचांना हे गणित करून दाखवले असते. लहान तोंडी मोठा घास घेतला म्हणून कोणी रागावलेही असते. तरी सांगायचे सोडू नका. एवढ्या एका गोष्टीने त्या खोलीतील सर्व मुले सकाळी हसतखेळत उठतील.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोरडा बर्फ कोणत्या वायूपासून बनतो?
(आ) संप्लवन म्हणजे काय?
(इ) धुराप्रमाणे दिसणारे धुके कशाचे असते?

२. कारणे सांगा.
(अ) कोरड्या बर्फाच्या पेटीचे झाकण घट्ट बंद करू नये.
(आ) उरलेला कोरडा बर्फ कचराकुंडीत टाकू नये.

३. तुमच्या झोपण्याच्या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. त्या खोलीत एक किलो कोरड्या बर्फाचा वायू झाला तर त्याचे प्रमाण किती टक्के होईल, ते काढा.

४. या पाठातील पाच सूचना एका मोठ्या कागदावर मराठीत आणि उर्दूत लिहा व वर्गात लावा.